भयपट थिएटरातच बघायचा? एका फॉरवर्डचा मुद्देसूद समाचार

नवा भयपट लागला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द बदलतात, सार तेच: भयपट थिएटरातच बघावा, घरी बघणं म्हणजे दुधात पाणी. कारणं पाच दिली जातात. पडदा मोठा, अंधार पूर्ण, आवाज छातीत घुसणारा, आजूबाजूला किंचाळणारी माणसं. आणि घरी रिमोट हातात असतो, मग भीती टिकणार कशी?

यातली पहिली दोन आकडे मांडले की गळून पडतात. तिसरं निम्मं खरं आहे, चौथं नशिबाचा भाग आहे. पाचवं मात्र पूर्ण खरं आहे, आणि त्याच्यावरचा उपाय सगळ्यात सोपा आहे.

“पडदा मोठा असतो”

डोळ्याला पडद्याची रुंदी कळत नाही, कळतो तो कोन. थिएटरच्या चित्र-आवाजाचा दर्जा तपासणाऱ्या टीएचएक्सच्या निकषाप्रमाणे थिएटरच्या शेवटच्या रांगेतून पडद्याने नजरेचे किमान २६ अंश व्यापायला हवेत. ५५ इंची टीव्ही साधारण १२२ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे २.६ मीटरवरून तोही २६ अंशच व्यापतो. तोच १.७ मीटरवरून पाहिला की कोन ४० अंशांवर जातो, म्हणजे चांगल्या मधल्या रांगेएवढा. ६५ इंचीला हीच अंतरं ३.१ आणि २ मीटर धरा.

घोळ टीव्हीत नसून सोफ्यात असतो. सोफा समोरच्या भिंतीला चिकटवलेला, टीव्हीपासून चार मीटर लांब. तिथून ५५ इंची टीव्ही जेमतेम १७ अंश भरतो. मग तो लहान वाटणारच. सिनेमापुरती एक खुर्ची पुढे ओढा.

लांबचा पडदा ‘प्रचंड’ वाटतो, कारण नजर दूरवर स्थिरावलेली असते. तेवढं थिएटरचं श्रेय द्यायलाच हवं. पण ते दऱ्याखोऱ्यांच्या आणि युद्धाच्या दृश्यांना जास्त कामाला येतं. भयपट बहुधा एका जिन्यात, एका दारात, एका चेहऱ्यावर घडतो.

“थिएटरात अंधार पूर्ण असतो”

हे सगळ्यात जास्त पसरलेलं आणि सगळ्यात चुकीचं. थिएटरात एक्झिटचे दिवे आणि पायऱ्यांच्या कडेच्या पट्ट्या जळतच राहतात. सुरक्षेसाठी त्या लागतात, आणि योग्यच आहे. पण त्यांचा उजेड पडद्यापर्यंत पोचतो. शिवाय प्रोजेक्टर काळा रंग ‘दाखवत’ नाही, फक्त कमी उजेड टाकतो. डिजिटल सिनेमाच्या मानकात पडद्यावरचा पांढरा ४८ निट असतो (निट हे पडद्याच्या उजळपणाचं माप). साध्या झेनॉन दिव्याच्या प्रोजेक्टरचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ ते, २०००:१ धरलं, तर त्याचा ‘काळा’ ०.०२४ निटचा करडा होतो, आणि तोही दिवा नवा असताना व लेन्स स्वच्छ असताना. दिवा म्हातारा झाला की पांढरा खाली येतो, एक्झिटच्या दिव्याचा उजेड मात्र तेवढाच राहतो. टूडी सिनेमाच्या वेळी थ्रीडीचा फिल्टर लेन्ससमोरून काढायचा राहिला, तर चित्र आणखी मंदावतं.

आता घरचं बघा. ओलेड टीव्हीत प्रत्येक पिक्सेल (चित्राचा ठिपका) स्वतःच उजळतो; तो बंद होतो तेव्हा काळा म्हणजे शून्य. बाकीच्या एलसीडी टीव्हींत व्हीए आणि आयपीएस असे पॅनेलचे दोन प्रकार येतात. व्हीए पॅनेलचं कॉन्ट्रास्ट चार हजारांच्या आसपास, म्हणजे १०० निटच्या चित्रात काळा ०.०२५ निट, थिएटरएवढाच. आयपीएस पॅनेल मात्र एक हजारावर अडकतं, काळा ०.१ निटचा, आणि तिथे थिएटर सरळ जिंकतं. डॉल्बी सिनेमासारख्या लेसर प्रोजेक्शनच्या सभागृहाशी आयपीएसची तुलनाही नको. तिथला काळा खरोखर काळा असतो. पण फॉरवर्डमध्ये ‘थिएटर’ असा सरसकट शब्द आहे, आणि बहुतेक पडदे तसे नसतात.

याने फरक काय पडतो? एक चौकट घ्या. लांब बोळ, टोकाला अर्धवट उघडं दार, दारामागे कुणीतरी उभं. दिग्दर्शकाने त्या आकृतीचा खांदा काळ्यापेक्षा केसभर उजळ ठेवलाय: दिसेल न दिसेल इतकाच, म्हणजे शोधणाऱ्याला तो सापडावा आणि सापडल्यावर त्याने मान मागे घ्यावी. एक्झिटचा उजेड पडलेल्या पडद्यावर बोळ आणि खांदा दोन्ही करडे होऊन एकमेकांत मिसळतात. चुकीच्या सेटिंगच्या टीव्हीवर दोन्ही काळ्यात बुडतात. आणि कमी बिटरेटच्या (सेकंदाला कमी माहिती पाठवणाऱ्या) स्ट्रीमिंगवर तिथे खांद्याऐवजी हलणारे चौकोनी ठोकळे दिसतात.

शेवटची अडचण घरचीच, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. थिएटरच्या फाइलला सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत मुभा असते; ४के स्ट्रीमिंग बहुधा १५ ते २५ मेगाबिटमध्ये उरकतं, आणि बिट वाचवताना कात्री पहिल्यांदा अंधाऱ्या भागावर चालते. ४के ब्लू-रे १२८ मेगाबिटपर्यंत जाते, म्हणून डिस्क मिळत असेल तर भयपटासाठी तीच घ्या. नाहीतर टीव्हीला वायफायऐवजी केबल जोडा आणि टीव्हीवरचंच ॲप वापरा. ब्राउझरमध्ये बऱ्याच सेवा ४के देतच नाहीत. सुरुवातीचा अर्धा मिनिट चित्र धूसर असेल तर स्थिरावू द्या आणि मागे जाऊन पहिल्यापासून लावा.

टीव्हीची सेटिंग दहा मिनिटांची आहेत. पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’. हालचाल गुळगुळीत करणारं फीचर बंद, कारण २४ फ्रेमचा सिनेमा त्याने मालिकेसारखा दिसतो आणि मालिकेतलं भूत कुणाला घाबरवत नाही. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, वीजबचत आणि खोलीचा उजेड मोजणारा सेन्सर हेही बंद. गॅमा (काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा किती गडद दिसतील ते ठरवणारी सेटिंग) अंधाऱ्या खोलीसाठी २.४. डॉल्बी व्हिजन असेल तर त्याचा ‘डार्क’ मोड. मग एक टेस्ट पॅटर्न (काळ्या-करड्या पट्ट्यांचं तपासणीचं चित्र) लावून ‘ब्राइटनेस’ जुळवा: १६ नंबरची पट्टी पूर्ण काळी, १७-१८ नंबरची जेमतेम दिसणारी. (बऱ्याच टीव्हींवर ‘ब्राइटनेस’ म्हणजे उजेड नसून काळ्याची पातळी असते. ही नावं देणाऱ्यांनी इथे फार गोंधळ घातलाय.) प्लेअर वेगळा असेल तर एचडीएमआयची रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे कुठून कुठवर धरायचे ते) दोन्हीकडे एकच हवी, एकीकडे ‘फुल’ आणि दुसरीकडे ‘लिमिटेड’ झालं की काळे भाग एक तर गिळले जातात किंवा धुरकट होतात.

डोळेही तयार करायचे असतात. अंधाराला पुरतं सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. थिएटरात सिनेमा सुरू व्हायच्या आधी झगझगीत जाहिराती दाखवतात, त्यामुळे पहिला प्रसंग अर्धा वाया जातो. घरी वीस मिनिटं आधीच दिवे मंद करता येतात. राउटरच्या हिरव्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावा. आयपीएस टीव्ही असेल तर टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, ६५०० केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) अगदी मंद दिवा ठेवा. पॅनेलचा करडा त्याच्या तुलनेत काळा वाटतो. ओलेडला याची गरज नाही.

“थिएटरचा आवाज घरी येत नाही”

खालच्या टोकाला हे खरं आहे. थिएटरचे सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचे मोठे स्पीकर, २५-३० हर्ट्झपर्यंत उतरतात (हर्ट्झचा आकडा जितका कमी, तितका सूर खालचा). टीव्हीचे स्पीकर १०० हर्ट्झच्या आसपासच मान टाकतात, म्हणजे तो गुरगुरणारा थर घरी ऐकूच येत नाही. चांगला सबवूफर घेतल्याशिवाय ही बाजू थिएटरचीच. लहान बंद खोली मात्र खालच्या सुरांना फुकट जोर देते, त्यामुळे मध्यम सबवूफरही पुरतो.

याच मुद्द्याला जोडून ‘ऐकू न येणाऱ्या आवाजाने थिएटरात भीती घालतात’ असंही सांगितलं जातं. या समजुतीचं मूळ १९९८ मधल्या एका लेखात आहे. त्यात व्हिक टँडी यांनी प्रयोगशाळेतल्या ‘भुता’चा संबंध पंख्यातून येणाऱ्या सुमारे १९ हर्ट्झच्या लहरीशी लावला होता. लेख वाचनीय आहे, पण सर्वसाधारण थिएटरचे सबवूफर तिथपर्यंत उतरतच नाहीत.

भयपटात मोठ्या आवाजाला जे काम असतं त्याहून मोठं काम शांततेला असतं. दचकणं ही प्रतिक्रिया आवाज एकदम चढला की येते; पापणी ३० ते ५० मिलिसेकंदांत मिटू लागते, विचार नंतर. आवाज किती मोठा आहे याइतकंच तो कशातून उसळला हेही महत्त्वाचं. म्हणजे आधीची सहा सेकंदं खरोखर शांत हवीत.

थिएटरात ती शांत असतात का? मानकाप्रमाणे प्रत्येक मुख्य चॅनेल (पडद्यामागच्या एकेका स्पीकरचा आवाज) ८५ डेसिबलला जुळवतात आणि शिखर १०५ पर्यंत जातं. थिएटरचा आवाज सांभाळणाऱ्या डॉल्बीच्या प्रोसेसरवर ही ७ ची खूण. प्रेक्षक ‘आवाज फार आहे’ म्हणून तक्रार करतात, मग खूण ५ वर येते, म्हणजे सुमारे साडेसहा डेसिबल कमी. धमाका तरीही दणदणीतच राहतो. पण श्वास, लाकडाची करकर, पलीकडच्या खोलीतली कुजबूज तेवढीच खाली सरकते आणि एसीच्या घोंगाटात विरते. त्यात शेजारच्या स्क्रीनवर मारधाडपट लागला असेल तर त्याचे खालचे सूर भिंतीतून येतातच, कारण ते अडवायला सगळ्यात कठीण.

घरी रात्रीची बंद खोली ३० डेसिबलपर्यंत शांत होऊ शकते. जोरात फिरणारा पंखा तिला ५० च्या आसपास नेऊन ठेवतो, तेव्हा तो बंद किंवा अगदी हळू. लहान खोलीत थिएटरएवढी पातळी लागतही नाही: १५०० घनफुटांहून लहान खोलीसाठी ८५ ऐवजी ७६ डेसिबलची शिफारस आहे. दहा बाय बाराची खोली त्यात सहज बसते.

घरी भीतीचा गळा आवळणारी दुसरीच गोष्ट असते: ‘नाइट मोड’, ‘ऑटो व्हॉल्यूम’, ‘लाउडनेस लेव्हलिंग’. हे तिन्ही कुजबूज वर उचलतात आणि धमाका खाली दाबतात, म्हणजे दचकवणारं अंतरच मोडतात. बंद करा. संवाद ऐकू येत नसतील तर सगळा आवाज न वाढवता ते बहुधा ज्यातून येतात तो मधला चॅनेल फक्त दोन-तीन डेसिबल चढवा.

हेडफोन वापरणार असाल तर वायरचे. ब्लूटूथमध्ये आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद मागे पडू शकतो, आणि चित्राच्या मागे १२५ च्या पुढे गेला की माणसाला खटकतो. दार आधी आपटलं आणि आवाज मागून आला की दचकणं संपलं. शिवाय ५.१ चं (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांच्यासाठीच्या आवाजाचं) साध्या स्टिरिओत रूपांतर होताना सबवूफरचा चॅनेल बहुधा सोडून दिला जातो. म्हणून हेडफोनसाठीचा सराउंड पर्याय असेल तर तो चालू ठेवा.

“गर्दीबरोबर भीती वाढते”

कधी वाढते, कधी फुटते. खरोखर घाबरलेलं सभागृह श्वास रोखतं तेव्हा त्याला घरी पर्याय नाही, मान्य. पण त्याच सभागृहात कुणीतरी ताण घालवायला विनोद करतं, आणि हशाही तितकाच लागट असतो. समोरच्या रांगेत एकाने फोन उघडला तर सगळ्यात मंद केलेला स्क्रीनही दोन-चार निट देतो, म्हणजे पडद्यावरच्या काळ्याच्या शंभरपट. दणकेबाज, किंचाळ्यांचा भयपट असेल तर भरलेला खेळ गाठा. हळूहळू चढणारा, शांततेवर उभा असलेला असेल तर भरलेलं सभागृह ही सगळ्यात वाईट जागा. अशा वेळी आडदिवशी सकाळचा रिकामा खेळ किंवा घर.

“घरी रिमोट हातात असतो”

हा मुद्दा खरा आहे. भयपटाची ताकद सुटका नसण्यात असते. थांबवता येतं हे माहीत असलं की न थांबवताही ताण सैल पडतो. तणावाचा प्रसंग आला की हात फोनकडे जातो, पाच सेकंद उजळ स्क्रीन पाहिला की अंधाराला सरावलेले डोळेही गेले.

उपाय कंटाळवाणे आहेत पण चालतात. आवाजाची पातळी पहिल्या दहा मिनिटांत ठरवून टाका आणि रिमोट टीव्हीजवळच्या फळीवर ठेवा, उठावं लागेल इतक्या लांब. फोन दुसऱ्या खोलीत, व्हायब्रेट नको, पूर्ण गप्प. पाणी, बाथरूम आधीच. सोबत कुणी असेल तर ‘मध्ये थांबवायचं नाही’ हे आधी ठरवा, मध्येच त्यावरून वाद नको. आणि ॲपमधला ऑटोप्ले बंद करा. नाहीतर शेवटच्या चौकटीनंतरचा अंधार उतरायच्या आत नामावली कोपऱ्यात आक्रसते आणि समोर कुठल्यातरी विनोदी मालिकेचा झगमगीत ट्रेलर सुरू होतो.