पिल्लू कुठे सापडले?

मे महिना अर्धा सरला की आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या ओट्यावर बुटांची खोकी येऊ लागतात. एरवी या ओट्यावर लाळ्या-खुरकुताची लस टोचून घ्यायला आणलेल्या गाई, पोट फुगलेल्या शेळ्या आणि त्यांचे कातावलेले मालक असतात. मृगाच्या आगेमागे मात्र या रांगेत दहा-बारा वर्षांची मुले शिरतात, आणि खोक्याचे झाकण उघडले की आत कापसावर बुलबुलाचे, चिमणीचे नाहीतर साळुंकीचे पिल्लू चोच वासून बसलेले असते. परभणी जिल्ह्यातल्या एका गावात पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी गेली २१ वर्षे काम करतो आहे. पहिली काही वर्षे मी ते खोके घ्यायचो, मुलाची पाठ थोपटायचो आणि पिल्लू वाढवायला घरी न्यायचो. आता मी आधी विचारतो, “कुठे सापडले?” या प्रश्नाने पुष्कळ जण नाराज होतात. मागच्या आठवड्यात तर एका सुशिक्षित गृहस्थांनी “तुम्ही सरकारी माणसं अंग झटकता” असे चारचौघांत ऐकवले. त्यांना तिथे उभ्याउभ्या जे सांगता आले नाही, ते इथे सविस्तर लिहितो.

माझे मत असे आहे की या खोक्यांतून येणाऱ्या पिल्लांपैकी बहुतेकांना आपल्या मदतीची गरज नसते. त्यांना जिथून उचलले तिथे परत नेऊन ठेवण्याची गरज असते. अंगावर पिसे आलेली आहेत, शेपूट आखूड आहे, नीट उडता येत नाही, पण टुणटुण उड्या मारत झुडपाखाली पळते आहे, असे पिल्लू बहुधा घरट्यातून पडलेले नसून स्वतःहून उतरलेले असते. बुलबुलाचे पिल्लू अंड्यातून निघाल्यावर सुमारे १२ दिवसांत घरटे सोडते आणि चिमणीचे साधारण १५ दिवसांत. त्यानंतरचे काही दिवस ते जमिनीवर किंवा खालच्या फांद्यांवर काढते, आणि या काळात आई-बाप त्याला तिथेच येऊन भरवत असतात. आपण जवळ जाऊन “आईनं टाकून दिलंय बिचाऱ्याला” असे हळहळतो तेव्हा ती आई समोरच्या लिंबावर, चोचीत अळी धरून, आपण कधी हलतो याची वाट पाहत असते.

“माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही” हा समज आमच्याकडे इतका पक्का आहे की मलाही तो लहानपणी आजीने सांगितला होता आणि मी तो वयाच्या तिशीपर्यंत खरा मानत होतो. बहुतेक पक्षी पिल्लाला जागेवरून आणि आवाजावरून ओळखतात. आपल्या हाताच्या वासापायी ते पोटचे पिल्लू टाकत नाहीत. याचा पुरावा आपल्या शिवारातच आहे. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते आणि कावळीण ते परके लेकरू मोठे करते. पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडे घालतो, आणि अख्खा सातभाईंचा थवा त्या एका खादाड पाहुण्याला भरवत बांधाबांधाने फिरतो. जे पक्षी दुसऱ्या जातीचे पिल्लू निमूटपणे वाढवतात, ते स्वतःच्या पिल्लाला माणसाचे बोट लागले म्हणून टाकतील, असे मानण्याला काही आधार नाही.

खरोखर पडलेली पिल्लेही असतातच. ती उघडीनागडी, डोळे मिटलेली किंवा अंगावर नुसत्या पिसांच्या काड्या फुटलेली असतात. आमच्या भागात पूर्वी माळवदाची घरे होती, आणि तुळयांच्या सांदीत चिमण्या बिनघोर घरटी करायच्या, कारण वरच्या मातीच्या थराने आतला उन्हाळा जाणवत नसे. आता माळवदे गेली, पत्रे आले. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याखालच्या घरट्यात पिल्ले अक्षरशः भाजून निघतात आणि तडफडत काठावर येऊन खाली पडतात. अशा पिल्लाला शिडी लावून घरट्यात ठेवावे. घरटेच पडले असेल किंवा पत्रा फार तापत असेल तर लहान परडी घ्यावी, पाणी साचू नये अशी सैल विणीची, तिच्यात वाळलेले गवत घालावे आणि जुन्या जागेच्या जितक्या जवळ सावलीत बांधता येईल तितक्या जवळ बांधावी. मग दूर जाऊन तास-दोन तास नुसते बघत बसावे. हे बघत बसणेच लोकांना जड जाते, असा माझा अनुभव आहे.

जिथे आई-बाप मेलेले दिसतात, पंख मोडलेला असतो किंवा मांजराने तोंडात धरलेले असते, तिथे मात्र पिल्लू हातात घ्यावेच लागते. मांजराच्या बाबतीत तर जखम डोळ्यांना दिसली नाही तरी औषध लागते, कारण तिच्या दातांवरचे जंतू रक्तात गेले की वरून धडधाकट दिसणारे पिल्लू दोन दिवसांत दगावू शकते. अशा वेळी काय करू नये हे मी शिकलो ते पिल्ले मारून शिकलो, हे मान्य करायला हवे. आमच्या शिक्षणात पक्षी म्हणजे कोंबडी. माझ्या हातचे पहिले बुलबुलाचे पिल्लू मी ड्रॉपरने पाणी पाजून मारले. पिल्लाच्या जिभेच्या लगेच मागे श्वासनलिकेचे तोंड असते. वरून टाकलेला थेंब तिथून सरळ फुप्फुसात जातो. पिल्लाने एकदा मान झटकली, चोचीतून बुडबुडा आला, आणि सगळे संपले. जंगली पिल्लाला वेगळे पाणी लागतच नाही, ते त्याला ओलसर घासातून मिळते, हे मला त्यानंतर कळले. दुसरे पिल्लू दुधात भिजवलेल्या पावावर चार दिवस जगले. पक्ष्याला दुधातली साखर पचत नाही. त्याची विष्ठा पातळ होते, अंगातले पाणी जाते, आणि आपण “पोटभर दूध पाजलं होतं तरी गेलं” म्हणत बसतो. मोबाईलवर सिरिंजने पिल्लाला दूध पाजतानाचे व्हिडिओ आणि त्यांखाली शेकड्यांनी जोडलेले हात दिसले की मला तो बुडबुडा आठवतो.

खाण्याआधी ऊब द्यावी लागते, हेही फार थोड्यांना ठाऊक असते. लहान पक्ष्यांच्या अंगाचे तापमान ४० अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त असते; त्यामुळे पिल्लू आपल्या तळहाताला गार लागले तर ते धोक्यात आहे असे समजावे आणि कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवावी. गार पिल्लाच्या पोटात घातलेला घास पचत नाही, कुजतो. खोक्याला भोके असावीत, झाकण लावलेले असावे, आणि दर पाच मिनिटांनी ते उघडून शेजाऱ्यांना दाखवू नये.

भरवण्याचे काम किती असते याची कल्पना बाहेरून येत नाही. उघड्या पिल्लाला उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर वीस मिनिटांनी घास लागतो. जूनमधला १३ तासांचा दिवस धरला तर साधारण ४० वेळा. मी दवाखान्यात असायचो, म्हणजे हे काम पत्नीवर पडायचे, आणि “एवढ्या घासांत एक म्हैस पोसली असती” असे तिने एकदा म्हटले ते चेष्टेने म्हटले नव्हते. त्यात घास कशाचा, हा आणखी एक प्रश्न. चिमणी दाणे खाते, म्हणून लोक पिल्लाला तांदळाची कणी घालतात. पण चिमणीही पिल्लांना मुख्यतः किडे आणि अळ्याच भरवते, कारण वाढत्या अंगाला प्रथिने लागतात. आम्ही नाकतोडे आणि पिठातल्या अळ्या द्यायचो, आणि त्या मिळाल्या नाहीत तर उकडलेल्या अंड्याचे बारीक ओलसर तुकडे. नाकतोडेही कुठलेही चालत नाहीत. एका वर्षी शेजारच्या मुलाने हौसेने सोयाबीनमधून डबाभर नाकतोडे आणून दिले; दोनच दिवसांपूर्वी तिथे फवारणी झाली होती. त्या संध्याकाळी आमच्याकडची तिन्ही पिल्ले एकामागून एक गेली. तेव्हापासून आम्ही फक्त स्मशानभूमीच्या कडेच्या गवतातले किडे आणतो, कारण गावात न फवारलेली तेवढीच एक जागा उरली आहे.

शिवाय सर्व पिल्लांना एक नियम लावता येत नाही. होल्याचे आणि पारव्याचे पिल्लू चोच वासतच नाही. ते आपली चोच आई-बापाच्या तोंडात खुपसते आणि त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा दह्यासारखा स्राव खाते. त्यामुळे “तोंडच उघडत नाही” म्हणून ज्याची चोच नखाने फाकवली जाते, ते पिल्लू बहुधा होल्याचे निघते. गव्हाणी घुबडाच्या पिल्लाला नुसते कोंबडीचे मांस घातले तर हाडांना चुना मिळत नाही आणि पाय वाकतात; त्याला केसाहाडांसकट आख्खा उंदीर लागतो. (घुबडाचे पिल्लू मात्र कोणी पोसायला नेत नाही, ते मारले जाण्याआधी आपल्यापर्यंत पोचले तरी पुष्कळ.)

टिटवीची गोष्ट पूर्ण निराळी. ती नांगरलेल्या रानात, उघड्या ढेकळांत चार अंडी घालते, आणि तिने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, अशी आमच्याकडे खूण मानतात. तिची पिल्ले कोंबडीच्या पिल्लांसारखी अंड्यातून निघताच चालू लागतात आणि धोका दिसला की जमिनीला चिकटून दगडासारखी पडून राहतात. “मेल्यासारखं पडलं होतं” म्हणून जे पिल्लू आणले जाते ते त्याच्या आईने शिकवलेले काम चोख करत होते. याबाबतीत आमच्या शेतकऱ्यांचे कौतुक करायला हवे, कारण टिटवीची अंडी दिसली की तेवढी हातभर जागा सोडून नांगर वळवून घेणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत. मोराचे मात्र उलटे होते. पाटोदा तालुक्यातल्या नायगावला मोरांचे अभयारण्य आहे, माझी सासुरवाडी त्याच बाजूची. तिकडे पूर्वी रानात सापडलेली लांडोरीची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवण्याची हौस असे. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कॉनराड लोरेंझ यांनी हंसाच्या पिल्लांच्या बाबतीत जे दाखवून दिले, की अंड्यातून निघाल्यावर समोर जे हलते दिसेल त्यालाच ती आई मानतात, तेच इथे घडते. कोंबडीच्या मागे वाढलेला मोर गावकुत्र्याला भीत नाही, आणि मग फार दिवस राहतही नाही.

माझा स्वतःचा सर्वांत मोठा अपराध एका साळुंकीचा आहे, आणि गंमत अशी की ते पिल्लू मी उत्तम वाढवले होते. पिसे तकतकीत, पाय सरळ, खाणे खणखणीत. ती माझ्या खांद्यावर बसून दवाखान्यात यायची, चहाच्या वेळी बशीवर बसायची, आणि येणारे-जाणारे माझे कौतुक करायचे. मी तिला कधीही पिंजऱ्यात ठेवले नाही, खिडकी सदैव उघडी होती, आणि या गोष्टीचा मला अभिमान होता. एका आठवडी बाजाराच्या दिवशी ती गेली. दोन महिन्यांनी लसीकरणासाठी शेजारच्या गावात गेलो तेव्हा एका घराच्या पडवीत ती पिंजऱ्यात दिसली. मला पाहताच तिने पंख फडफडवून पिल्लासारखी चोच वासली. मी घरमालकावर संतापलो, कायदा सांगितला. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, म्या कुठं धरली? तीच बाजारात माझ्या खांद्यावर येऊन बसली.” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. समजूत घालून तिला सोडवले आणि गावापासून लांब माळावर नेऊन सोडले. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा बाजारतळावर, शेव-मुरमुऱ्याच्या पालासमोर, माणसांच्या पायांत फिरत होती. इतर साळुंक्या समोरच्या वडावर कलकलाट करत होत्या, आणि तिने एकदाही मान वर केली नाही.

म्हणून आता ज्या पिल्लाला हातानेच वाढवावे लागते, त्याच्याशी आम्ही बोलत नाही, त्याला नाव देत नाही, आणि शक्य असेल तर त्याच जातीच्या दुसऱ्या पिल्लासोबत ठेवतो. आपला आपण किडा टिपू लागले की त्याला परसात मोकळे सोडतो आणि बाहेर खाणे ठेवून ते हळूहळू कमी करत नेतो. खरे तर हेही आमचे काम नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, त्यानुसार आपल्याकडचा रानपक्षी, मग तो पोपट असो की साळुंकी, घरात पाळणे हा गुन्हा आहे; आणि वनविभागाचा १९२६ हा फोन क्रमांक अशा पिल्लांसाठीही आहे. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत, राज्यात पक्षी सप्ताह असतो आणि त्या आठवड्यात शाळा मला भाषणाला बोलावतात. मी आनंदाने जातो, पण तेव्हा बहुतेक घरटी रिकामी असतात. हे बोलणे मुलांच्या कानांवर एप्रिलच्या परीक्षा संपताना पडायला हवे, अशी माझी मुख्याध्यापकांना दरवर्षी विनंती असते.

आणि राहता राहिले अंग झटकण्याचे. त्या गृहस्थांच्या दुसऱ्याच दिवशी सहावीतला एक मुलगा खोके घेऊन आला. कुठे सापडले, तर “गिरणीच्या मागं, मेंदीत.” वायरमनची शिडी मागून घेतली, मुलाला मोटारसायकलवर मागे बसवले आणि गेलो. घरटे वाऱ्याने उसवून लोंबत होते. तिथे परडी बांधली, पिल्लू तिच्यात ठेवले आणि गिरणीच्या भिंतीआड जाऊन बसलो. एक तास दहा मिनिटे काही घडले नाही. मुलगा कंटाळून मातीत रेघोट्या ओढत होता. मग बुलबुलाची मादी आली, आधी तारेवर, मग मेंदीच्या शेंड्यावर, मग परडीच्या काठावर. थोड्या वेळाने नरही आला. मुलगा बोटांवर मोजत होता. अकराव्या खेपेला आम्ही उठलो.

रिकामे खोके त्याने माझ्याकडेच ठेवले. झाकणावर स्केचपेनने त्याने आधीच “राजा” असे नाव लिहिले होते. सध्या त्यात मी लशीच्या रिकाम्या बाटल्या ठेवतो.