साथीत नेता कसं व्हावं

जून 2021, कोरोनाची दुसरी लाट. पुढच्या वर्षी महापालिकेला उभं राहायचंय ना? मग लिहून घ्या, असा चान्स परत येत नाही.

घोषणा रात्री 8 लाच करायची आणि अंमल 12 पासून. 24 मार्च 2020 ला हे देशभर हिट झालंय. मधल्या चार तासांत लोक किराणावाल्याकडे तुटून पडतात, मग गर्दी केली म्हणून त्यांनाच झापायचं.

महाभारत 18 दिवसांत, कोरोना 21 दिवसांत. हिशोब विचारायला कोणी येत नाही.

मंत्री जितके, तितकी उत्तरं हवीत. 3 जून 2021 ला एक म्हणाले 18 जिल्हे अनलॉक, आपलं ठाणंही त्यात, आणि काही तासांत सरकारचाच खुलासा की अजून काही ठरलेलं नाही. तोवर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पार्लरच्या अपॉइंटमेंटपर्यंत गाडी गेली होती. मग निर्बंधांचं लेव्हल 2 आलं म्हणे. ऑफिस उघडलं, आपल्याला लोकल बंदच होती. ठाण्याहून फोर्टला उडत जायचं बहुतेक.

कारण कधी सांगू नका. कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी 28 दिवस, मग 6 ते 8 आठवडे, मे 2021 मध्ये 12 ते 16. असेल शास्त्रीय कारण, पण ते लोकांना नीट कळलं तर तुमच्याकडे चिठ्ठी मागायला कोण येणार?

आणि फ्लेक्स! लस नसली तरी चालेल, फ्लेक्स पाहिजेच. काल आईला दुसऱ्या डोससाठी घेऊन गेलो तर केंद्राच्या गेटवर हा एवढा, 'मोफत लसीकरण', वरच्या रांगेत पक्षाचे थोर, मध्ये साहेब हात जोडून, खाली पासपोर्ट साइझमध्ये सगळे इच्छुक, आणि साहेबांच्या जोडलेल्या हातांवर सेलोटेपने चिकटवलेला कागद, 'आज लस उपलब्ध नाही'. लॅमिनेट केलेला! रोज लावायचा म्हणजे खराब व्हायला नको. आई 72 वर्षांची, गुडघे धरून कठड्यावर बसली, रांगेतल्या कोणालाच काही माहीत नाही. आतल्या सिस्टर बिचाऱ्या म्हणाल्या, आम्हालाही सकाळीच कळतं.

अरे काय चाललंय काय? कुठल्या केंद्रावर किती डोस हे आदल्या रात्री सांगायला काय पैसे पडतात? एप्रिलमध्ये लोक बेडसाठी रात्रभर फोन फिरवत होते तेव्हा तुमचा एकही नंबर लागला नाही, माणसं गेली आमची. तरी मास्क लावून गपचूप रांगेत उभे आहोतच ना? लस आली नसेल तर नाही आली म्हणा, कधी येईल माहीत नाही म्हणा, मारणार आहोत का आम्ही तुम्हाला? पण म्हाताऱ्या माणसांना उन्हात उभं करून वर स्वतःचे वाढदिवस साजरे करू नका. लाज वाटू द्या जरा.