साबची मोटार, विमाने आणि चावीची जागा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

विमाने आणि एकेकाळी मोटारीही बनवणाऱ्या साब या स्वीडिश कंपनीवरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले आक्षेप तीन आहेत. दोन आसनांच्या मधली चावीची जागा विमानाच्या कॉकपिटवरून सुचली, हे माझे विधान चूक आहे. साबच्या मोटारींचे विमानांशी असलेले नाते जाहिरातवाल्यांनी फुगवलेले आहे. आणि साबची मोटार कंपनी बुडाल्याचा सगळा दोष तिची पुढची मालकीण झालेल्या अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या माथी मारून मी स्वीडिश व्यवस्थापनाला मोकळे सोडले आहे. पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, तिसरा बराचसा मान्य आहे आणि दुसरा अजिबात मान्य नाही. उत्तर लांबले आहे ते त्या दुसऱ्यामुळे.

चावीचे आधी उरकतो. १९६७ साली लोकांसमोर आलेल्या साब ९९ या मोटारीत चावी आसनांच्या मध्ये, गिअरच्या दांड्याजवळ आली. स्टिअरिंगच्या खांबावरची चावी अपघातात चालकाच्या गुडघ्यात घुसते, ती टाळणे हा एक हेतू होता. शिवाय त्या जागेवरून कुलूप थेट गिअरलाच लावता येत होते, त्यामुळे गाडी रिव्हर्समध्ये टाकल्याखेरीज चावी बाहेर निघत नसे. वैमानिकाचा यात काही संबंध नाही. मी ऐकीव गोष्ट न तपासता लिहिली होती. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता विमानांच्या नात्याबद्दल. 'जेटमधून जन्मलेली' ही घोषणा अमेरिकेतल्या जाहिरातींची आणि जनरल मोटर्सच्या काळातली आहे, हे आपले म्हणणे बरोबर आहे. शब्दशः पाहिले तर ती खोटीही ठरते, कारण मोटारीचे काम १९४५ साली सुरू झाले तेव्हा साब पंख्याची विमानेच बनवत होती. तिचे पहिले जेट आकाशात गेले ते मार्च १९४७ मध्ये, आणि मोटारीचा नमुना पत्रकारांना दाखवला गेला तो त्याच वर्षीच्या जूनमध्ये. परंतु घोषणा खोटी म्हणून नातेही खोटे, असे होत नाही. १९३७ मध्ये ट्रॉलहेटन येथे ही कंपनी निघाली ती तटस्थ स्वीडनच्या हवाई दलाला देशातच विमाने मिळावीत म्हणून. युद्ध संपताना ही मागणी ओसरणार हे दिसू लागले, आणि हातात असलेल्या माणसांना व यंत्रांना काम हवे म्हणून छोटी मोटार काढायचे ठरले. ते काम गुन्नार युंगस्ट्रम या विमान अभियंत्याकडे गेले आणि रूप सिक्स्टेन सासोन यांनी रेखाटले. मोटारी बनवण्याचा अनुभव या मंडळींना जवळजवळ नव्हता, आणि तो नव्हता हे त्या गाडीत दिसते.

डिसेंबर १९४९ पासून बनू लागलेली साब ९२ बाजूने पाहिली तर विमानाचा पंख उभा चिरल्यासारखी दिसते. हवेचा विरोध मोजणारा तिचा गुणांक ०.३० च्या आसपास होता, आणि त्या काळच्या साध्या मोटारींत हा आकडा थक्क करणारा आहे. मात्र याच गाडीला डिकीचे झाकणच नव्हते! सामान ठेवायचे तर मागच्या आसनाची पाठ सोडवून आतूनच ढकलावे लागे. झाकण आले ते १९५३ च्या सुधारित आवृत्तीत. अशी चूक मोटारवाला करणार नाही.

या सुंदर कवचाच्या आत मात्र ७६४ सीसीचे, २५ अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन होते आणि त्याचा आराखडा उघडपणे डीकेडब्ल्यू या जर्मन मोटारींच्या वळणाचा होता. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घेण्याचा जुना स्कूटरचा सोपस्कार ज्यांनी केला आहे त्यांना याची अडचण सांगायला नको : उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोलबरोबर ऑइलही बंद होते आणि चाकांबरोबर फिरत राहणारे इंजिन कोरडे पडते. म्हणून साबने चाकांचा इंजिनाशी संबंध आपोआप सोडवणारी फ्रीव्हीलची सोय दिली.

माझा मुख्य मुद्दा इथून सुरू होतो. पुढे साब ९६ मध्ये जर्मनीतल्या फोर्डचे व्ही-फोर इंजिन आले, साब ९९ चे सुरुवातीचे इंजिन इंग्लंडमधल्या ट्रायम्फकडून आले. विमानांकडे वळा, तिथेही हेच आहे. साबच्या लढाऊ विमानांपैकी टुनानमध्ये ब्रिटिश घोस्ट इंजिन, ड्राकेनमध्ये रोल्स-रॉइसचे एव्हॉन, विगेनमध्ये अमेरिकी जेटी-८-डी वरून स्वीडनमध्ये घडवलेले इंजिन, आणि सुरुवातीच्या ग्रिपेनमध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या एफ-४०४ चे स्वीडिश रूप. हृदय परक्याचे घ्यायचे आणि त्याच्याभोवतीचा देह मात्र कोणाचीही नक्कल न करता स्वतः घडवायचा, ही लहान देशाची रीत दोन्ही कारखान्यांत सारखीच आहे, आणि मी ज्याला नाते म्हणतो ते हे. या रीतीची किंमत काय असते याचा आपल्यालाही एकदा अनुभव आला आहे : १९७८ साली भारताला विगेन विकण्याची स्वीडनची तयारी होती, पण इंजिन मूळचे अमेरिकी असल्याने अमेरिकेने परवानगी नाकारली, आणि आपण जग्वार ही लढाऊ विमाने घेतली.

तिसऱ्या आक्षेपाकडे येतो. जनरल मोटर्सने १९९० मध्ये निम्मा हिस्सा घेतला तेव्हा साबचा मोटार विभाग तोट्यातच होता. १९८९ मध्ये मालमो येथे थाटलेला नवा कारखाना १९९१ मध्ये बंद करावा लागला, तो थाटण्याचा निर्णय अमेरिकनांच्या माथी कसा मारणार? त्याहून मोठी अडचण आकड्यांची आहे. साबने भरभराटीच्या वर्षीही दीड लाख गाड्या विकल्या नाहीत. एवढ्याशा विक्रीवर नवे मॉडेल उभे करण्याचा खर्च कधीच फिटत नाही. विमानांच्या बाजूला हा खर्च सोसणारे एक गिऱ्हाईक कायम होते, ते म्हणजे स्वीडिश सरकार; मोटारीला असा यजमान मिळाला नाही. एकच नाव लावणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एक आजही ग्रिपेन बनवते आणि दुसरीने १९ डिसेंबर २०११ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला, याचे उत्तर मला इथे सापडते, आणि लेखात ते न लिहिणे ही माझी चूक होती.

तरीही जनरल मोटर्सला मी पूर्ण सोडणार नाही. २०१० मध्ये साबची मोटार कंपनी स्पायकर या डच मोटार कंपनीला विकल्यानंतरही तंत्रज्ञानाचे परवाने जनरल मोटर्सच्याच हातात राहिले, आणि २०११ च्या अखेरीस चिनी खरेदीदाराला ते द्यायला तिने नकार दिल्यावर उरलेली वाट बंद झाली. त्याआधीची तिची वागणूक पाहायची असेल तर ९-७एक्स ही गाडी पाहावी. ओहायोत बनणारी ही शेव्हरोले ट्रेलब्लेझरच होती. तिला साबचे नाव लावले, पुढची जाळी बदलली आणि साबपणाची खूण म्हणून चावीची जागा तेवढी स्टिअरिंगवरून उचलून दोन आसनांच्या मध्ये आणून बसवली.