‘आधी स्टेजवर उभं राहून बघा’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

फेंडर कंपनीच्या रम्बल ४० या बेस गिटारच्या अँपवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘४० वॅटचा बेस अँप म्हणजे पैसे पाण्यात. खालचा ई (बेसच्या सर्वात जाड तारेचा स्वर) त्यातून येतच नाही, ड्रमरपुढे टिकत नाही, विकायला काढला तर किंमत येत नाही. असले सल्ले देण्याआधी एकदा स्टेजवर उभं राहून बघा.’

ड्रमरचं मान्य. जोरात वाजणाऱ्या ड्रमसेटशेजारी नुसते ४० वॅट पुरत नाहीत. लेखात मी ‘घर आणि छोटी तालीम’ असंच म्हटलं होतं, तरी मान्य. विकण्याच्या किमतीत मी शिरत नाही, वाजवायला घेतलेल्या वस्तूचा हिशोब मी तसा करत नाही.

पण शेवटचं वाक्य लागलं. मी कॉलेजात असल्यापासून ऑर्केस्ट्रात बेस वाजवतोय. गणपतीचे मांडव, लग्नं, भर पावसात प्लास्टिक पांघरलेल्या स्पीकरशेजारचे कार्यक्रम, सगळं केलंय. तेव्हा स्वतःचा अँप घेण्याची ऐपत नव्हती. बेस डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) थेट मिक्सरला जायचा आणि मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, मला माझंच वाजवणं ऐकू यायचं नाही. कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे बघत मी गाणी काढली आहेत.

अशा माणसाला अननुभवी ठरवायला तुम्हाला एक ओळ पुरली! तुम्ही स्वतः काय वाजवता, कुठे वाजवता, याचा मात्र पत्ता नाही. पहिल्या पगारातून पैसे बाजूला काढून अँप घेणारी मुलं इथे वाचायला येतात. त्यांच्यासमोर ‘असले सल्ले’ म्हणताना जरा तरी विचार करायचा होतात. मतभेद असू द्या, पण ही बोलायची रीत नव्हे.

रम्बल ४० मी सुचवला तो या स्टेजच्या अनुभवामुळेच. त्याला एक्सएलआर लाइन आउट, म्हणजे थेट मिक्सरला वायर जोडायची जागा आहे, धाकट्या रम्बल २५ ला नाही. ती मिक्सरला दिली की लोकांना बेस पीएमधून, म्हणजे प्रेक्षकांसाठी लावलेल्या मोठ्या स्पीकरमधून जातो आणि १० इंची स्पीकर आपल्या पायाशी, आपल्यासाठी राहतो. वजन ८ किलोच्या आसपास, रिक्षात मांडीवर घेऊन जाता येतं. मला त्या काळात हेच हवं होतं. ‘थोडे पैसे घालून ८० वॅटचा घ्या’ असं दुकानात सांगतात, पण वॅट दुप्पट झाले तरी फरक पडतो ३ डेसिबलचा. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात.

राहिला खालचा ई. तो ४१ हर्ट्झचा. अँपेग कंपनीचं ज्याला सगळे मानतात ते आठ स्पीकरचं एसव्हीटी कॅबिनेटसुद्धा कंपनीच्याच आकड्यांनुसार ४० हर्ट्झला १० डेसिबलने खाली उतरलेलं असतं. आपण ८२, १२३ हर्ट्झची हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वराच्या दुपटी-तिपटीचे वरचे स्वर ऐकतो आणि कान त्यातून मूळ स्वर ओळखतो. मोबाइलच्या तानपुऱ्यात खर्ज कळतो तो असाच. रम्बलवर बेसचं बटण पूर्ण फिरवलंत तर छोटा स्पीकर गुदमरणारच. ते निम्म्यावर ठेवा, मिड थोडा वाढवा, ई स्वच्छ येतो. माझ्याकडे रोज येतो.

तुम्ही रम्बल कुठे ऐकलात, बटणं कशी ठेवली होती आणि तुमचा स्वतःचा अँप कोणता, एवढं लिहा. त्यावर मी हवं तितकं बोलेन. पुन्हा नुसती शेरेबाजी आली तर ती प्रतिक्रिया मी इथे ठेवणार नाही.