‘काम जमत नसेल तर पोसायचे का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ऐकू येईनासे झाले म्हणून राजीनामा द्यावा लागलेल्या कामगाराविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : कारखाना म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे, ज्याला काम जमत नाही त्याला पोसण्याची सक्ती मालकावर करता येणार नाही, अपंगांसाठी ४ टक्के आरक्षण आहे, कायदाही आहे, आणि वयाचे म्हणाल तर अमेरिकेतसुद्धा आज नोकरी, उद्या घर अशीच रीत आहे. शेवटी आपण आपल्या ३० माणसांच्या वर्कशॉपमधील, नजर अधू झालेल्या ५४ वर्षांच्या टर्नरविषयी (लेथ यंत्रावर काम करणाऱ्या कारागिराविषयी) लिहून ‘याचे मी काय करू?’ असे विचारले आहे. आपल्या पत्रातील हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याकडे शेवटी येतो.

त्या कामगाराची हकिगत आपल्याला भावनिक वाटली. तिचा एक भाग मी लेखात सांगितला नव्हता, तो आता सांगायला हवा. २००९ साली मी त्याच कारखान्याच्या पर्सोनेल विभागात होतो आणि राजीनाम्याचा मजकूर टाईप करून मीच त्याच्यापुढे ठेवला होता. प्रेसशॉपमध्ये १८ वर्षे काढल्यावर त्याला क्रेनचा भोंगा ऐकू येईनासा झाला, तेव्हा डॉक्टरांनी ‘अनफिट’ असा शेरा मारला. कोणत्या कामासाठी अनफिट, हे त्या कागदावर लिहिलेले नव्हते आणि मीही ते विचारले नाही. भोंग्याच्या जोडीला लुकलुकणारा दिवा बसवता येईल, असे आमच्या इलेक्ट्रिशियनने मला सांगितले होते. ती सूचना मी वरिष्ठांपर्यंत नेली नाही. याहून गंभीर बाब अशी, की गोंगाटामुळे येणारे बहिरेपण हा तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत नोंदलेला रोग होता. तो आढळल्यास कारखाना निरीक्षकांना कळवावे लागे, आणि तेव्हाच्या भरपाईच्या कायद्यातही तो व्यावसायिक रोग म्हणून नमूद होता. राजीनामा घेतल्यामुळे ना नोंद झाली, ना भरपाईचा विषय निघाला. ज्या माणसाचे कान आमच्याच शॉपमध्ये गेले, त्याच्या बाबतीत ‘पोसणे’ हा शब्द मला वापरता येत नाही.

आता ‘कायदा आहेच’ याविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात ७ ऐवजी २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश झाला, हे खरे आहे. पण आपण सांगता ते ४ टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांपुरते आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्याला काढता येणार नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे आणि जागा नसेल तर अधिसंख्य (मंजूर संख्येबाहेरचे जादा) पद निर्माण करावे, असे सांगणारे कलम २० सुद्धा सरकारी आस्थापनांसाठीच आहे. खासगी मालकाने समान संधीचे धोरण जाहीर करावे, एवढे कलम २१ म्हणते. त्यापुढे भेदभावाविरुद्धचे कलम ३ उरते, आणि त्यातही ‘योग्य उद्दिष्टासाठी प्रमाणशीर उपाय’ अशी पळवाट ठेवलेली आहे. आमच्या कामगाराला आजच्या कायद्यानेही फारसा आधार मिळाला नसता.

सरकारी नोकरीत तरी हे संरक्षण, जे २०१६ च्या आधीच्या कायद्यातही होते, कसे टिकले ते पाहावे. कुणाल सिंग या स्पेशल सर्व्हिस ब्युरोच्या (आजच्या सशस्त्र सीमा बलाच्या) शिपायाचा पाय कर्तव्यावर असताना झालेल्या दुखापतीमुळे कापावा लागला आणि त्याला अपात्र ठरवून घरी पाठवले गेले. अशक्तता निवृत्तिवेतन मिळाले म्हणजे प्रश्न संपला, ही सरकारची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली फेटाळली. ‘एका पायाचा शिपाई काय कामाचा?’ असा प्रश्न आपण पत्रात केला आहे. त्याला शिपायाचेच काम द्या, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. जमेल ते दुसरे काम द्या, असे म्हटले होते.

‘काम जमत नाही’ हा निष्कर्ष बहुधा काम देऊन न पाहताच काढला जातो. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही, दृष्टी नाही म्हणून रेल्वेच्या लेखा सेवेत घेतले गेले नाही. पुढच्याच परीक्षेत त्या भारतीय प्रशासकीय सेवेत निवडल्या गेल्या आणि २०१९ साली तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. रेल्वेचे हिशेब ज्यांना जमणार नाहीत असे ठरवले गेले, त्यांच्याकडे तीन-चार वर्षांत महसुली उपविभागाचा कारभार होता.

वयाच्या बाबतीत परिस्थिती आणखी उघडीवाघडी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ मध्ये सरकारी नोकरीपुरती भेदभावाची जी कारणे निषिद्ध ठरवली आहेत, त्यांत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास आहेत, वय नाही. खासगी मालकाला जाहिरातीत ‘वय ३५ पर्यंत’ असे छापण्यापासून अडवणारा कायदा आपल्याकडे नाही. अशा जाहिराती मीही दिल्या आहेत. वय वाढले की शिकण्याची क्षमता संपते, असे आमच्या विभागात कुणीही मानत नव्हते. अनुभवी माणसाला जास्त पगार द्यावा लागतो, हे खरे कारण होते. आपण अमेरिकेचा दाखला दिलात, पण तिथे १९६७ सालापासून चाळीस आणि त्यापुढील वयाच्या कामगारांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा आहे, तो २० किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांना लागू होतो, आणि वयाची अट घालणारी जाहिरातसुद्धा त्यात सामान्यतः बेकायदा ठरते. तिथे भेदभाव होत नाही असे मी म्हणत नाही. निदान दाद मागायला जागा आहे.

आपली एक गोष्ट मला मान्य आहे : ३० माणसांच्या वर्कशॉपला मोठ्या कंपनीसारखा खर्च झेपत नाही. २०१६ च्या कायद्यातील वाजवी सोयीच्या (दिव्यांगाला काम करता यावे म्हणून केलेल्या योग्य बदलाच्या) व्याख्येतही मालकावर अवाजवी बोजा पडू नये असेच म्हटले आहे. अशा सोयीसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केले. तिथे प्रश्न परीक्षेतील लेखनिकाचा होता, पण तत्त्व तेच.

म्हणून आपल्या टर्नरविषयी माझी विनंती अशी. त्याला नेमके काय दिसत नाही ते आधी त्यालाच विचारा. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेसाठी रजा द्या. व्हर्निअर या मापकावरच्या बारीक रेघा वाचता येत नसतील, तर मोठे आकडे दाखवणारा डिजिटल व्हर्निअर त्याच्या हातात द्या आणि लेथवर चांगला प्रकाश पडेल असा दिवा लावा. तरीही मापे चुकत असतील, तर जॉब (घडवायचा तुकडा) कसा धरायचा आणि टूलला धार कशी लावायची हे नव्या मुलांना शिकवण्याचे काम त्याच पगारावर त्याला देता येईल का, ते पाहा. महिनाभराने काय झाले ते मला अवश्य कळवा.