आई लिहायचीय? मग एवढं कराच

नव्या पटकथाकारांनो, परवा रविवारी लेकाला घेऊन एक सिनेमा पाहिला आणि आई लिहिण्याचं सगळं तंत्र कळलं. मला ते साडेसातशे रुपयांना पडलं (पॉपकॉर्न वेगळे), तुम्हाला फुकट सांगते.

आईला नाव ठेवू नका. उगाच गोंधळ होतो.

पहिल्याच प्रसंगात खोकला द्या. मध्यंतराला रिपोर्ट, शेवटी फोटोला हार.

शिलाई मशीन विसरू नका.

वयाचं फार मनावर घेऊ नका. 'मदर इंडिया'तले (१९५७) मायलेक, नर्गिस आणि सुनील दत्त, दोघंही जून १९२९ चे, पाच दिवसांचं अंतर! पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं. 'कभी कभी'त (१९७६) अमिताभची प्रेयसी असलेली राखी सहा वर्षांत 'शक्ती'त त्याची आई झाली, तीही त्याच्याहून जवळजवळ पाच वर्षांनी लहान असून. आपल्या रीमा लागू 'वास्तव'मध्ये (१९९९) संजय दत्तच्या आई, वयानं जेमतेम वर्षभर मोठ्या. काम काय केलं होतं बाईनं! पण म्हणून काय झालं? हीरो पन्नाशीतही कॉलेजात जाणार आणि बाईनं चाळिशी गाठली की लावा पांढरी बट, बसवा देवघरात. लाज कशी वाटत नाही... असो. सल्ला देत होते.

आईनं रागवायचं नाही. श्यामच्या आईचे अश्रू तेवढे उचला. पोहायला जात नाही म्हणून पोराला शिंपटीनं झोडणारी बाई गाळून टाका.

तर परतताना रिक्षात लेक म्हणाला, "ती आई बघ, त्याच्यासाठी रात्रभर जागी राहते. तू तर झोपून जातेस."

झोपते! साडेपाचला उठून डबा करायचा असतो म्हणून झोपते! अरे, तुम्हाला आया नाहीत का घरी? त्या चिडत नाहीत? खोटं बोलत नाहीत? पोरगा होस्टेलला गेला की दोन दिवस रडून तिसऱ्या दिवशी त्याच्या खोलीत आपलं कपाट सरकवत नाहीत? हे लिहायला काय होतं तुम्हाला? तुम्ही खोकणाऱ्या देव्या लिहायच्या आणि मार्क आमचे कापले जायचे!

आणि तू, मागे उभा राहून वाचतोयस ते दिसतंय मला. शुक्रवारचा डबा अजून दप्तरात आहे. इथं उघडू नकोस, बाहेरच्या नळावर ने.