हयातीचा दाखला

रविवारी सकाळी पावणेसातला अण्णांचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट, "काय रे, तुझ्या साइटवर चोर बसलेत."

'तुझ्या' हा शब्द लक्षात ठेवा. आम्हा इंदूरच्या होळकरी नाणी गोळा करणाऱ्या पंचवीस-तीस मंडळींची ही वेबसाइट, गेली नऊ वर्षं मी एकटा चालवतो. साइट चालू असते तेव्हा ती 'आपली' असते. पुण्याचा कुणी पाहुणा आला की "ही आपली साइट" असं म्हणून अण्णा स्वतःच्या फोनवर दाखवतात. बंद पडली की तिचं मालकी हक्कासह हस्तांतरण होतं.

चोर वगैरे कुणी नव्हतं. सर्टिफिकेट संपलं होतं, एवढंच. पण तसं झालं की ब्राउझर भलतंच नाटक करतो. लाल त्रिकोण, कनेक्शन खाजगी नाही, हल्लेखोर तुमची माहिती चोरत असतील... ज्या साइटवरची सगळ्यात गोपनीय गोष्ट म्हणजे महेश्वरच्या रुपयाचं वजन, तिच्यासाठी!

नऊ वाजता राजवाड्यामागे पोह्यांवर सगळे जमले. दर रविवारी जमतात. मी पोचलो तेव्हा अण्णांनी जिरावण भुरभुरत निकाल देऊन टाकला होता : "ह्याच्या साइटला सरकारनं सील ठोकलंय."

"सील नाही अण्णा, सर्टिफिकेट संपलं."

"कसलं सर्टिफिकेट?"

"साइट खरी आहे, आपलीच आहे, असं सांगणारं."

"म्हणजे साइट खरी आहे हे दुसऱ्यानं सांगायचं?"

"हो."

"आणि ते संपतं?"

"नव्वद दिवसांनी."

अण्णांनी जिलबी खाली ठेवली. जिलबी खाली ठेवलेले अण्णा मी ह्यापूर्वी एकदाच पाहिले होते, स्वतःच्या मुलाच्या लग्नात, आणि तेही अक्षता टाकण्यापुरतं.

"नव्वद दिवस? अरे, मी रिटायर होऊन सोळा वर्षं झाली. मला हयातीचा दाखला वर्षातून एकदा लागतो, नोव्हेंबरात. बँकेत जातो, मशीनवर अंगठा ठेवतो, तो उमटत नाही, मग डोळा दाखवतो. पण वर्षातून एकदा! आणि तुझी साइट दर तीन महिन्यांनी जिवंत असल्याचं सांगत फिरते? एवढी काय आजारी आहे ती?"

सगळे हसले. मीही हसलो. हसावं लागतं.

मी समजावायला लागलो. हे दाखले 'लेट्स एन्क्रिप्ट' नावाची संस्था फुकट देते, मुदत मुद्दामच छोटी असते, म्हणजे किल्ली चोरीला गेली तरी फार दिवस चालत नाही, आणि नूतनीकरण आपोआप होतं, माणसाला काही करावंच लागत नाही...

"मग झालं का नाही आपोआप?" अण्णा म्हणाले. "आणि आपल्या मल्हारनगरच्या रुपयावर नाव कुणाचं? मोगल बादशहा शाह आलमचं. तो वारला कधी? १८०६ साली. त्याच्यानंतरही होळकरांच्या टांकसाळीतून त्याच्या नावाचा रुपया पडतच राहिला की नाही? कुणी विचारला त्याला हयातीचा दाखला? चांदी खरी, रुपया खरा, विषय संपला. अपन तर बुवा पहिलेच बोललो होतो, छापील पुस्तिका काढू. पुस्तिकेचं सर्टिफिकेट संपत नाही."

बरं, इतिहास बिनचूक. ह्या माणसाशी वाद घालण्यातली खरी अडचण ही आहे. नाण्यावर सूर्याचं तोंड दिसलं की ते बोटानं चाचपून टांकसाळ सांगतात. फक्त फोन हातात आला की त्यांचं काहीतरी बिनसतं.

उदाहरणार्थ नमस्कार. अण्णांचं कुठलंही लिखाण जोडलेल्या हातांच्या चित्रानं सुरू होतं. साइटचा डेटाबेस तेव्हा जुन्या वळणाचा होता. त्यात एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट जागा. देवनागरी त्यात नीट बसते, पण असल्या चित्रांना चार लागतात, आणि चार बाइटवालं काही आलं की तिथून पुढचा सगळा मजकूर गुपचूप कापला जाई. अण्णांचा नमस्कार पहिल्या ओळीत. त्यामुळे बिल्वपत्र आणि शिवलिंगाच्या छापांवरचा त्यांचा चार पानी लेख साइटवर अवतरला तो निव्वळ कोरा. दोन महिने ते चारचौघांत सांगत होते की मी त्यांचं लिखाण दाबतो. मी तीन रात्री जागून सगळी टेबलं बदलली. त्याबद्दल आजवर कुणी अवाक्षर काढलेलं नाही. काढणार कसं? दुरुस्त झालेली गोष्ट दिसतच नाही.

ते असो. आपोआप का झालं नाही, हे मला पोह्यांवर येण्याआधीच कळलं होतं, आणि ते मी तिथे बोललो नाही. डिस्क भरली होती. आमची ऐपत दहा जीबीची, त्यात सव्वाचार जीबी एकाच फोल्डरमध्ये. फोल्डर अण्णांचा. साडेतीनशे फोटो, एकेक बारा एमबीचा. नंदी बसलेला तांब्याचा अर्धा आणा पुढून, मागून, कडेवरून, तळहातावर, वर्तमानपत्रावर, सूनबाईंच्या पोळपाटावर. नवीन दाखला उतरवून घ्यायला चार-पाच केबीसुद्धा शिल्लक नव्हती. म्हणजे साइटचा गळा अण्णांच्या अर्ध्या आण्यानं आवळला होता.

दोष माझाही आहे, नाही कसा. आलेला फोटो परस्पर लहान करणारा कोड मी कधीच लिहिला होता. "मिटलेली अक्षरं दिसत नाहीत" अशी अण्णांची तक्रार आली म्हणून मीच तो काढला. आता चारचौघांत म्हातारपणी त्यांना काय सांगायचं, की चोर तुम्हीच?

वर्गणीचा विषयही मी त्याच दिवशी काढणार होतो. डोमेन आणि सर्व्हर मिळून वर्षाला सहा-साडेसहा हजार जातात, माझ्या खिशातून. मागे एकदा काढला होता तेव्हा एकानं विचारलं, "इंटरनेट तर फुकट असतं ना?" हा गृहस्थ एका झिजलेल्या रुपयासाठी सराफ्यात चाळीस हजार मोजून आलेला. ह्या रविवारी मी तोंड उघडणार, एवढ्यात अण्णा दुकानदाराला म्हणाले, "पोह्यांचे पैसे आज हा देईल, ह्याच्याकडून खाडा झालाय."

दिले. आठ प्लेटा आणि जिलबी.

घरी येऊन जुने बॅकअप उडवले, जागा केली, दाखला काढला. पाऊण तास लागला. बायको दारातून म्हणाली, "रविवार आहे आज," आणि गेली. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. म्हटलं, बघू, कुणाच्या लक्षात येतंय का.

दीड वाजता आलं. अण्णांचा मेसेज, जोडलेले हात आधी : "आपली साइट पूर्ववत सुरू झाली आहे. सकाळपासून जातीनं लक्ष घालून करवून घेतली." खाली एकवीस अंगठे. धन्यवाद अण्णा, ग्रेट अण्णा, तुम्ही आहात म्हणून.

पाठोपाठ साइटवर नव्या फोटोंची सूचना. अकरा. उघडून पाहिले. तोच अर्धा आणा, ह्या खेपेला उन्हात.